कव्हर कोबेला, मी ओसाकाला

मी एक काळी तबकडी. सुई टेकली की एका बाईच्या आवाजात गाते. आज मात्र माझ्या स्वतःच्या आवाजात बोलणार आहे.

योकोहामाच्या कारखान्यात गरम साच्यात दाबून मला घडवलं. माझ्यात गाते ती बाई फारशी गाजली नाही. त्यामुळे माझ्या बहिणी थोड्याच निघाल्या आणि त्याही कुठेकुठे पांगल्या. मी फिरत फिरत ओसाकातल्या जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात येऊन पडले. दुकानदार भला, पण वेंधळा. धूळ पुसता पुसता त्यानं मला सकाळच्या व्यायामाच्या कव्हरात घातलं आणि व्यायामाची रेकॉर्ड माझ्या कव्हरात.

छत्र्या दुरुस्त करणारे इसोगाई-सान मला घरी घेऊन आले. बायकोची, फुमिएची, कंबर धरली होती. तिला व्यायाम हवा होता. फुमिए-सान हात वर करून उभ्या राहिल्या, इसोगाईंनी सुई टेकवली आणि मी सुरू केलं बंदरावर कुणाची तरी वाट बघणाऱ्या बाईचं संथ गाणं.

"अहो, यावर हात हलवायचे की डोळे पुसायचे?"

इसोगाई बाजू संपेपर्यंत जमिनीवर बसून राहिले. त्यांना माझं वेड लागलं ते तेव्हाच.

पुढच्या रविवारी दारात कोबेचे कुरामोची उभे. शाळेत भूगोल शिकवायचे आणि सुट्टीत रेकॉर्डी हुडकत हिंडायचे. कित्येक वर्षं ते मला शोधत होते. त्याच दुकानात माझं कव्हर दिसलं तसे हरखून घरी घेऊन गेले, आणि आतून काय, तर 'एक, दोन, गुडघे वाका!' दुकानदाराकडून पत्ता काढून ते तडक इथं आले होते.

"माझी रेकॉर्ड द्या."

"तुमची कशी? विकत मी घेतलीय."

"कव्हर माझ्याकडे आहे!"

"मग कव्हर ऐका."

आवाज चढले, तशा फुमिए-सान मध्ये आल्या. "आधी माझा व्यायाम इकडे द्या. आणि दर रविवारी येऊन ऐकत जा. भांडायचंच असेल तर चहा पिऊन भांडा."

तसंच सुरू झालं. कुरामोची कव्हर रेशमी रुमालात गुंडाळून आणत, मी गात असताना मांडीवर धरून बसत आणि जाताना परत घेऊन जात. अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

मग चकचकीत सीडी आल्या. माझी गाणीही सीडीवर निघाली. त्या रविवारी कुरामोचींनी खिशातून एक काढली. "ही घे. जराही खरखर नाही. आता ती म्हातारी मला दे."

इसोगाईंनी कपाटातून अगदी तशीच दुसरी काढली. "मीही तुझ्यासाठी आणून ठेवलीय. आता ते फाटकं कव्हर दे."

फुमिए-सान एवढ्या हसल्या, की त्यांची कंबर पुन्हा धरली.

गेल्या वसंतात कुरामोचींच्या गुडघ्यांनी दगा दिला. काठी टेकत आले आणि कव्हर टेबलावर ठेवलं. "घे बाबा. स्टेशनचे जिने आता मला होत नाहीत. जिंकलास तू."

खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. इसोगाईंनी मला उचललं, कव्हरात अर्धं सरकवलंसुद्धा. मग थांबले आणि पुन्हा बाहेर काढलं.

"नको. हे इथं राहिलं, तर तू कशाला येशील?"

"येता येत नाही, तेच तर सांगतोय ना!"

"जिने तुला होत नाहीत. मला होतात. घेऊन जा ते परत."

आता रविवारी मी आगगाडीनं कोबेला जाते. सोबत फुमिए-सानचा भाताचा डबा असतो. कुरामोचींचं यंत्र जरा जोरात फिरतं, त्यामुळे मी तिथं थोडी तरुण गाते. बाजू संपली की ते म्हणतात, "आजच्या दिवस ठेव ना हिला इथं."

"वेडा समजलास मला?"

तर वाचकहो, जुन्या बाजारात कधी माझी एखादी बहीण तिच्या कव्हरासकट सापडली, तर जरूर घ्या, जपून वाजवा. फक्त या दोघांना सांगू नका.