झोपलेला सर्व्हर

संगणक विभागात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शिकवण्याची हौस दांडगी, आणि फळ्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे. रुग्णालयाच्या तळघरातल्या त्या थंडगार खोलीत यंत्रं मोजकीच होती, पण प्रत्येकाच्या पोटात कितीतरी आभासी यंत्रं, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, नांदत होती. एक नोंदणीचं, एक प्रयोगशाळेचं, एक औषधांचं. या साऱ्या गोतावळ्यावर नजर ठेवणारा एक सर्व्हर होता आणि त्याचीच नवी आवृत्ती बसवायची होती.

मास्तरांनी ते काम सगळ्यांना फळ्यावर समजावलं होतं. जुन्याला ठिगळ लावायचं नाही. शेजारी नवा सर्व्हर उभा करायचा, जुन्याची सगळी माहिती त्यात ओतायची, मग जुन्याचंच नाव आणि नेटवर्कवरचा जुन्याचाच पत्ता नव्याला द्यायचा. जुना बंद करायचा. पण पुसायचा नाही, कारण काही बिघडलंच तर माघारी फिरायला तो हवा. मात्र नवा चालू असताना त्याला जागंही करायचं नाही. एकाच पत्त्यावर दोघं ओ देऊ लागले तर कुणाचं ऐकायचं ते यंत्रांना कळत नाही. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'झोपलेल्याला उठवू नका.'

सुट्टीच्या दिवशी काम बिनबोभाट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांना नव्या पडद्यावर काही जुन्या सेटिंग्ज सापडेनात. कुणाला विचारायचं तर कमीपणा. नुसतं डोकावून बघू म्हणून ते जुना सर्व्हर सुरू करायला गेले. असं करावंच लागलं तर आधी त्याचं नेटवर्क तोडायचं, हेही त्यांनीच शिकवलेलं. पण तेवढ्यात घरून फोन आला. बायको विचारत होती, संध्याकाळी दादाला जेवायला घेऊन येताय ना. बोलता बोलता त्यांनी नेटवर्क न तोडताच बटण दाबलं आणि फोन ठेवेपर्यंत जुना सर्व्हर त्यांच्या डोक्यातून गेला होता.

थोड्याच वेळात यंत्रं पडद्यावरून गायब होऊ लागली, परत दिसू लागली, पुन्हा गायब. रुग्णांची कामं चालली होती, पण देखरेख करणाराच आंधळा झाला होता. मास्तर सवयीने म्हणाले, "नेटवर्क बघा."

नेटवर्क म्हणजे दादा, मास्तरांचे थोरले मेहुणे. घरी दूध उतू गेलं तरी इथे खापर नेटवर्कवर फुटेल, असं ते स्वतःच हसून सांगत. दुखरा गुडघा सांभाळत ते तारांसाठी ठेवलेल्या फरशीखालच्या पोकळीत उतरले आणि तारा चाचपत राहिले.

दुपारी मास्तरांना ते दिसलं. जो बंद असायला हवा होता, तो जुना सर्व्हर हिरवा दिवा लावून जागा होता. इकडेतिकडे बघत त्यांनी तो बंद केला. पडदा शांत झाला. नेमके त्याच वेळी दादा केसांत जळमटं घेऊन वर आले. त्यांनी नुकतीच एक तार बदलली होती.

विभागाच्या साहेबांनी ती जुनी तार हातात धरली. एवढ्या मोठ्या कामाआधी हे तपासता येत नाही का, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. मग नेटवर्क बाहेरच्या कंपनीकडे द्यावं म्हणतात, असंही ऐकवलं. दादा गुडघ्यावरची धूळ झटकत राहिले. मास्तर जुन्या सर्व्हरकडे पाठ करून उभे राहिले.

संध्याकाळी पानं वाढली. बायकोने भावाची थट्टा केली, "एका तारेसाठी अख्खा दिवस? आई म्हणायची ते खोटं नाही, तुला सुईत दोरा ओवायला सांगावा आणि शेजारी जाऊन यावं." दादा हसले. मास्तरांनी उचललेला घास परत ताटात ठेवला.

"दादा," ते ताटाकडे बघत म्हणाले, "ती तार चांगली होती."

"माहीत आहे. निघण्याआधी तपासली मी. आणि एकाच पत्त्यावर दोघं बोलत होते, तेही माझ्या नोंदीत सापडलं."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"ते तुम्ही सांगायचं होतं, मास्तर." दादांनी कधी नव्हे ते त्यांना मास्तर म्हटलं.

बायकोचा वाढता हात थांबला. मग तिने भावाच्या पानात एक पोळी जास्तीची वाढली. ते मास्तरांना फार लागलं. त्यांनी हात धुतला आणि फोन घेतला. जेवून तरी घ्या, दादा म्हणाले. "नको. पोट भरलं की मी उद्यावर ढकलीन."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, की दादांना आपण सगळ्यांसमोर बोललो, तेव्हा हेही सगळ्यांसमोर व्हायला हवं.

सकाळी विभाग जमला. मास्तर नेहमीच्या जागी उभे राहिले. खडू उचलायला गेलेला हात त्यांनी मागे घेतला. त्यांच्या पाठीमागे फळ्यावर त्यांच्याच अक्षरातली ती ओळ तशीच होती आणि समोरचे सगळे ती वाचत होते. पहिल्या खुर्चीत दादा गुडघा चोळत खाली बघत बसले होते.

"काल झोपलेल्याला मी उठवलं," मास्तर म्हणाले, आणि पुढचं सांगताना प्रथमच त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचला नाही. कुणीतरी म्हणालं, ऐकू आलं नाही. त्यांना ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.