पुलाजवळचा आडवा हात

मी हात नसलेला सिग्नल बोलतोय. तुम्ही दचकू नका. दचकायची पाळी माझी होती, ती येऊन गेली, आणि मी अजून पुरता सावरलेलो नाही.

मनमाडहून निघणाऱ्या छोट्या लाईनवर, नदीच्या पुलाच्या तोंडाशी मी उभा आहे. पुलाच्या त्या बाजूला गाव आणि स्टेशन, या बाजूला गावाची शेतं, आणि माझ्या मागे डोंगराला वळसा घालून येणारा रूळ. माझं लोखंड विलायतेत ओतलं म्हणतात. तिथलं मला काही आठवत नाही. मला आठवतं ते इथलं काळं रान आणि उन्हाळ्यातला धुरळा.

काम सोपं होतं, पण चुकून चालायचं नाही. माझा हात आडवा असला की येणाऱ्या गाडीने माझ्यापाशी थांबायचं. पुलावर चाक घालायचं नाही. स्टेशनातल्या केबिनमध्ये खटका ओढला की तार ताणायची, माझा हात खाली झुकायचा आणि गाडी पूल ओलांडून आत जायची. तार तुटली तर? तर खांबामागे टांगलेल्या वजनाने हात आपोआप आडवा व्हायचा. म्हणजे बिघडलो तरी मी 'थांबा' असंच सांगणार. एवढा सरळ स्वभाव माणसातसुद्धा सापडत नाही, उगाच का नम्रपणा करू?

गावानेही हे बरोबर हेरलं होतं. शेतात जायला हा पूलच जवळचा. रेल्वेची मनाई होती, पाटी होती, पण पाटीला कोण विचारतो. स्टेशनातून निघणारी गाडी सगळ्यांना समोर दिसायची. भीती होती ती वळणाआडून येणारीची, आणि तिच्यासाठी मी होतो. माझा हात आडवा दिसला की बायाबापड्या बिनघोर पूल ओलांडत. हात झुकलेला असला की रुळाकडेला बसून गप्पा मारत.

त्यातली पुतळाबाई माझी खास. तिचा नवरा भिमाजी माझा बत्तीवाला. रोज शिडी चढून माझ्या दिव्यात रॉकेल घालायचा, काच पुसायचा आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता उतरायचा. बोलायचं काम त्याची बायको करायची. नवरा दिवसभर माझ्याच नादाला लागलेला, म्हणून तिने मला दीर करून टाकलं होतं. शेतातून परतताना डोक्यावर भारा असायचा, मान वर करता यायची नाही. मग भारा एका हाताने सावरून, डोळे तिरपे करून ती विचारायची, "भावजी, हात आडवा हाय ना?" आणि पुलावर पाय टाकायची. भावजींनी तिला कधी दगा दिला नाही.

नव्वदची सालं लागली तशी आणखी एक मंडळी येऊ लागली. ही मंडळी गाडीने कुठे जायचीच नाहीत. गाडी बघायला यायची. नाशिकहून, गंगापूर रोडवरून. मनोज बँकेत होता, पण जीव सगळा इंजिनात. टेपरेकॉर्डर आणून शिट्टी भरून न्यायचा. स्नेहल शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी माझ्यासमोर बांधावर बसून माझं चित्र काढायची. लाईन मोठी होणार, छोटे रूळ उखडणार, असं कानावर आल्यापासून यांना चैन नव्हतं. मी मनात म्हणायचो, अहो, ज्यांची जायची वेळ झाली ते गप्प आहेत आणि तुमचा का जीव वरखाली होतोय?

छोटी गाडी शेवटची गेली त्या दिवशी तर मी चाटच पडलो. इंजिनाला हार, रुळावर नारळ, गावकरी नटूनथटून आलेले. आणि मनोज, एवढा मिशाळ बाप्या, माझ्या खांबाला टेकून हुंदके देत होता. माझ्यासाठी कुणी रडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग रेल्वेची माणसं आली. त्यांनी माझी तार कापली, दिवा उतरवला आणि माझ्या हातावर लाकडी फळ्यांची मोठी फुली ठोकली. फुली म्हणजे हा सिग्नल बंद, याचं ऐकू नका. मला तोंडात मारल्यासारखं झालं. भिमाजीने गावात सगळ्यांना सांगितलं, "तो आता मेला. त्याच्याकडं बघून पुलावर जाऊ नका." नवे दिव्यांचे सिग्नल वळणाच्या पलीकडे उभे राहिले. ते ड्रायव्हरला दिसत, गावाला नाही. लोक लांबच्या फरशीवरून, म्हणजे नदीतल्या बुटक्या पुलावरून, जाऊ लागले. पुतळाबाईसुद्धा.

मोठी लाईन सुरू झाली. गाड्या आता इथे थांबेनात. मला उखडायचं राहून गेलं, आणि मी गंजत उभा राहिलो.

दोन हजार साल उलटल्यावर एका रविवारी मनोज आणि स्नेहल शिडी घेऊन आले. सोबत रंगाचे डबे, तेल, पान्हे. स्नेहल वर चढली आणि फुलीवर हात ठेवून म्हणाली, "ही बघवत नाही रे मला. जिवंत माणसाच्या तोंडावर काट मारल्यासारखी दिसते."

"फोटोतही घाण येते," मनोज म्हणाला. "काढून टाक."

त्यांनी फुली काढली. गंज खरवडला, हाताला पुढून लाल आणि मागून पांढरा रंग दिला, पट्ट्या ओढल्या. मी काय सांगू, किती दिवसांनी अंगाला तेल लागलं. मी नवरदेवासारखा चमकत होतो. आणि हात, अर्थात, आडवा. तार नव्हतीच, तो कायमचा आडवाच राहणार होता.

भिमाजी तेव्हा लेकीकडे नाशिकला गेला होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला. गावात सांगणारं कुणी नव्हतं. गावाने नदीपलीकडून पाहिलं, की फुली गेली, रंग आला, म्हणजे सिग्नल सुरू झाला. दुसरं काय समजणार?

पुढच्या सुट्टीला दोघे पुन्हा आले. एक्स्प्रेस आणि मी, एकाच फोटोत, असं त्यांच्या मनात होतं. एक्स्प्रेस आली, गेली, फोटो झाला. दोघे बांधावर बसून थर्मासमधला चहा पीत होते. तेवढ्यात शेताकडून पुतळाबाई आली. केस पांढरे झालेले, डोक्यावर गवताचा भारा. किती वर्षांनी ती माझ्यापाशी थांबली. डोळे तिरपे केले.

"भावजी, हात आडवा हाय ना?"

स्नेहलने ते ऐकलं आणि हसून मनोजला म्हणाली, "बघ, सिग्नलशी बोलतात त्या."

पुतळाबाई पुलावर गेली. आणि माझ्या मागे वळणावर रूळ वाजू लागले.

मालगाडी. कुणी तिची वाट पाहत नव्हतं. मी सगळा जीव हातात आणला. झुक, म्हटलं, एकदा झुक, तिने मागे वळून पाहिलं तर तिला कळेल. पण हात तसूभर हलला नाही. त्याला नवा रंग होता, तेल होतं, तार नव्हती. लालभडक, आडवा, छातीठोकपणे तो सांगत राहिला, की गाडी येत नाही, खुशाल जा. आणि गाडी माझ्या अंगावरून वारा घालत पुढे गेली. मी कामावर होतो तोवर, हात आडवा असताना वळणाआडून येणाऱ्या कुणी मला ओलांडलं नव्हतं.

स्नेहलच्या हातातला कप पडला. ती "आजी, आजी" करत रुळाकडे धावली, ड्रायव्हरचा भोंगा वाजत राहिला. पुतळाबाईने भारा टाकला. पुलाच्या मधल्या खांबावर रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगवाल्यांना उभं राहायला लोखंडी सज्जा आहे, तिथे तिने अंग टाकलं. मग डब्यांमागून डबे, आणि मला काही दिसेना.

गाडी संपली तेव्हा सज्ज्यात ती बसलेली होती. जिवंत होती. गवत सगळ्या पुलावर पसरलं होतं.

दोघांनी तिला धरून माझ्यापाशी आणलं. तिची दातखीळ बसली होती, पाणी पाजलं तेव्हा सुटली. मनोजने विचारलं, "आजी, अशा कशा गेलात तुम्ही?"

"हात आडवा व्हता," ती म्हणाली. मग तिने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "भावजी, तुमी खोटं सांगितलं मला."

बस, एवढंच. वादळात वीज पडली होती माझ्यावर एकदा, तिने इतकं भाजलं नव्हतं.

मनोज म्हणाला, "फुली परत ठोकू. मी आजच फळ्या आणतो."

"नको. हात काढायचा," स्नेहल म्हणाली.

"वेडी आहेस का? हात काढला तर उरलं काय? नुसता खांब."

"फुली आपण काढली, मनोज. आपलं प्रेम आहे म्हणून काढली. उद्या आपल्यासारखंच प्रेम असलेलं कुणीतरी येईल आणि परत काढेल."

भिमाजी डोळ्याला हिरवी पट्टी लावून गावी परतला, तेव्हा त्याच्यासमोर ते झालं. शिडी त्याने धरली, बोल्ट स्नेहलने सोडवले. हात खाली येताना ती रडत होती, पण काम एकदाही थांबवलं नाही. तो हात तिने नाशिकला नेला. घरात भिंतीवर टांगलाय म्हणे, आडवा नाही, उभा.

आताही गाड्यांचे वेडे येतात अधूनमधून. मला पाहून हळहळतात, कुणी दुष्टाने हात तोडला म्हणून शिव्या देतात. मला त्यांना सांगावंसं वाटतं, की जिचा माझ्यावर सगळ्यात जास्त जीव होता तिनेच तो तोडला.

पुतळाबाई परत फरशीवरूनच जाते. भारा जड असला तर दोन खेपांत नेते, पण फरशीवरूनच. माझ्याकडे बघत नाही, भावजी म्हणत नाही. मला ती हाक ऐकू येत नाही तेव्हा कळतं, की ती सुखरूप घरी गेली.

तुम्हालाही तेच सांगायचं होतं. आयुष्यभर मी 'माझ्याकडे बघा' एवढं एकच वाक्य बोललो. आता इथून जाताना माझ्याकडे बघू नका. वळणाकडे बघा, थांबा, आणि फरशीवरून जा.