मार तुझा, लागणं माझं

साड्यांची नावं कोण ठरवतं, हा प्रश्न साडी नेसणाऱ्या बायकांना कधी पडत नाही. सुरतच्या रिंग रोडवर, एका मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर, ती नावं धनश्री पाटील ठरवत असे. आठ रंगांचा एक कॅटलॉग आणि त्याला एक गोड नाव. शेठला नाव दहा मिनिटांत हवं असायचं आणि धनश्रीला ते दोन मिनिटांत सुचायचं. उरलेल्या आठ मिनिटांत ती फोन काढून आखाड्यात डोकावून यायची.

आखाडा म्हणजे तिचा फोनवरचा गट. कुस्तीचाच, पण माती नसलेला. तीन वर्षांपूर्वी तिने आणि नूतनने मिळून तो सुरू केला होता. सुरतच्याच गोडादऱ्यात, उधन्यात, लिंबायतमध्ये वाढलेली, घरात अहिराणी, गल्लीत हिंदी आणि शाळेत गुजराती बोललेली ही पोरं. त्यांना मराठीत काहीतरी लिहायची खाज होती आणि लिहायला जागा नव्हती. मग प्रत्येकाने आपापलं एक सोंग उभं केलं. त्याला नाव दिलं, खोड्या दिल्या, हत्यार दिलं. आणि वर्षातून एकदा ही सोंगं एकमेकांशी भिडायची, फक्त शब्दांनी. त्याला म्हणायचे दंगल. पुण्या-जळगावची पोरंही येऊन मिळाली आणि बघता बघता गट दीडशेवर गेला.

दंगलीचा नियम एकच होता आणि तो नूतनने सुचवलेला होता. मार तुझा, लागणं माझं. म्हणजे असं की तुझ्या सोंगाने तलवार उगारली हे तू लिही. ती मला लागली, नुसती चाटून गेली की मी उडी मारून वाचलो, हे मात्र मीच लिहिणार. दुसऱ्याची जखम आपण लिहायची नाही. वाचायला नियम सोपा आहे. पाळायला महाकठीण, कारण आपलं सोंग पडलं असं स्वतःच्या हाताने लिहायला कोण तयार होतं सांगा!

नूतन तीन गल्ल्या सोडून राहायची. घरी बसून साड्यांवर स्टोन चिकटवायचं काम करायची, त्यामुळे तिच्या बोटांच्या टोकांवर कायम डिंकाची साय असे आणि फोन तिचं बोट ओळखायला नकार देई. तरी लिहायची अशी की बघत राहावं. तिचं सोंग होतं मांजाबाई. एका डोळ्याने आंधळी, उत्तरायणाच्या पतंगांचा मांजा सुतवणारी म्हातारी, जिच्या दोऱ्याने लोखंडही कापलं जाई. धनश्रीचा होता लोहबा, हजिऱ्याच्या पोलाद कारखान्याच्या भट्टीतून एके दिवशी चालत बाहेर आलेला लोखंडी माणूस. पण धनश्री दंगल भरवणारी. भरवणाऱ्याने स्वतः उतरू नये म्हणून लोहबा कधी दंगलीत उतरला नाही आणि म्हणून कधी हरलाही नाही. या गोष्टीचा धनश्रीला जरा जास्तच अभिमान होता.

गेल्या वर्षीच्या दंगलीत माशी शिंकली. मांजाबाईची लढत होती ललितच्या सोंगाशी. ललित कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यात कामाला आणि त्याचं सोंग एक काचेचा चोर. ललित वार करी, मांजाबाई चुकवी. मांजाबाई दोरा फेकी, चोर निसटे. अकरा फेऱ्या झाल्या तरी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गटात आरडाओरडा सुरू झाला. कुणी नूतनला रडी म्हणालं, कुणी ललितला. पुढच्या लढती खोळंबल्या. धनश्री दुकानात बसून सगळ्यांना शांत करत होती, शेठ समोरून नाव मागत होता, आणि तिचं डोकं फिरलं. तिने गटात लिहून टाकलं, "मांजाबाईचा दोरा तुटला. ती खाली पडली आणि परत उठली नाही. ललित विजयी."

पाठवल्यावर तिला हायसं वाटलं. संध्याकाळी फोन पाहिला तेव्हा नूतन गटातून निघून गेली होती आणि धनश्रीचा नंबरही तिने ब्लॉक करून टाकला होता.

त्याला अकरा महिने झाले. या अकरा महिन्यांत दोघी भाजीबाजारात चारदा समोरासमोर आल्या आणि चारही वेळा नूतन कोथिंबिरीच्या जुडीत तोंड घालून उभी राहिली. पहिला महिनाभर धनश्री रागातच होती. एका खोट्या म्हातारीसाठी एवढा तोरा! मग राग उतरला आणि खाली नुसती आठवण राहिली. एखादा भारी वार सुचला की तिचा अंगठा आपसूक नूतनच्या नावाकडे जाई. तिथे काही नसे.

आता नवी दंगल तोंडावर आली होती. सोळा सोंगं लागत, आली होती सात. बाकीचे बोलून दाखवत नव्हते, पण एकाने लिहिलंच, "ताई, आमचं सोंग तुम्हीच मारून टाकलं तर?" धनश्रीने ते वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला. आखाडा बुडत होता हे तिला दिसत होतं. पण खरं सांगायचं तर तिला आखाड्यापेक्षा नूतनची काळजी होती. ती नसेल तर दीडशे लोकांनी लिहिलेलं सगळं धनश्रीला अळणी लागत होतं.

रविवारी दुपारी वडील समोर येऊन बसले. धुडकू पाटलांनी तीस वर्षं कापड विणायचे लूम चालवले होते आणि त्या खडखडाटात कान गमावले होते. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कुणी बोलत नाही, सगळे हातांनी खुणा करतात, आणि धुडकूंना ती सवय घरातही राहिली होती. त्यांनी हनुवटी वर केली आणि पंजा फिरवला. मग खुणेवर भागेना म्हणून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय व्हयनं व माय? आठ दिनपासून तोंड पाडी बशेल शे."

धनश्रीने सांगितलं. अर्धं ओरडून, अर्धं खुणांनी, आणि उरलेलं फोनवर दाखवून. धुडकूंनी चष्मा लावून गेल्या वर्षीची सगळी लढत वाचली. ओठ हलवत, एकेक ओळ. मध्ये एकदा हसलेही. मांजाबाई त्यांना आवडली असावी.

"म्हंजे सोंगंच ना ही? मार एकना, पडनं दुसराना हातमा. हाई तं आम्हना भोवाडामा बी व्हतं."

साक्री तालुक्यातल्या त्यांच्या गावी भोवाडा भरे. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगं नाचत, लढत. सुरतेला येण्याआधी धुडकू सहा वर्षं राक्षस झाले होते, हे धनश्रीला ठाऊक होतं. त्यांच्या लग्नाच्या फोटोपेक्षा त्या मुखवट्याचा फोटो घरात वरती टांगलेला होता.

"देवी नुसती तलवार दखाडस," धुडकू म्हणाले. "पडनं राक्षसनं काम शे. तो कशा पडस, हाई दखाले तं लोके येतस." मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणी ऐकलेली नव्हती. एका वर्षी देवीचं सोंग किसनकडे होतं. धुडकू ऐन रंगात आले होते, पडायला वेळ लावत होते. किसनला घाई झाली आणि त्याने तलवारीऐवजी सरळ हाताने ढकललं. राक्षस धाडदिशी पडला. लोक हसले.

"पाय मुरगळना. तो बरा व्हयना आठ दिनमा," धुडकू म्हणाले. "राग वरीसभर ऱ्हायना."

"मग?" धनश्रीने हाताने विचारलं.

"मंग पंचेसनी पुढला वरीसले किसनले देवीनं सोंग दिधंच नही. राक्षस दिधा. म्हने, पहिले पडाले शिक." त्यांनी पंजा जमिनीकडे आपटून दाखवला. "असा पडना तो, असा पडना! मी सोता जाईसन उठाडा त्याले."

त्यांनी चष्मा काढला, फोन तिच्या हातात परत दिला आणि चहा टाकायला सांगितला. त्यांच्या मते विषय संपला होता.

चहा उकळेपर्यंत धनश्रीच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. तिने गटात लिहिलं की गेल्या वर्षीची ती ओळ लिहायचा तिला हक्क नव्हता, ती तिने पुसली आहे, ललितनेही विजय परत दिला आहे. ललितने खरोखरच दोन मिनिटांत दिला होता, वर म्हणाला होता की त्यालाही वर्षभर ते जिंकणं टोचत होतं. आणि नव्या दंगलीची पहिली लढत जाहीर झाली, लोहबा विरुद्ध मांजाबाई. पहिला वार मांजाबाईचा. मुदत नेहमीसारखी तीन दिवस.

आता हे नूतनला कळवायचं कसं? नंबर ब्लॉक. धनश्रीने चपला घातल्या.

नूतनच्या आईने, सरस्वतीमावशींनी दार उघडलं, दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि आत निघून गेल्या. नूतन जमिनीवर साडी पसरून बसली होती. तिने मान वर केली नाही. एक स्टोन, एक टिपका डिंक, एक स्टोन.

"दंगल आहे," धनश्री दारातूनच म्हणाली. "तुझी लढत लावली आहे. माझ्याशी. पहिला वार तुझा, तीन दिवसांत."

"मेलेली बाई लढते का गं?"

"मेली असं तू कुठे लिहिलंस? मी लिहिलं होतं. ते कसं चालेल? लागणं तुझं असतं. मांजाबाई अजून तिथेच उभी आहे, नूतन. अकरा महिने."

नूतनचं बोट साडीवर थांबलं. मग परत चालू झालं. "मला काम आहे. तू जा ना."

धनश्री गेली. माफी मागायची राहूनच गेली, हे तिला दुसऱ्या गल्लीत आठवलं. ती परत फिरणार होती, पण घराकडेच चालत राहिली.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी तिने एका कॅटलॉगला जे नाव दिलं ते तीन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या कॅटलॉगला देऊन झालेलं होतं आणि शेठने तिची खरडपट्टी काढली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुदत संपायला पाऊण तास राहिला असताना ती घरी ओट्याशी पोळ्या लाटत होती आणि फोन थरथरला. गटाच्या जुन्या लिंकवरून नूतन परत आत आली होती.

पाठोपाठ तिचा वार आला. केवढा मोठा! मांजाबाई अकरा महिने एका पायावर उभी राहून आंबली होती, चिडली होती. वर्षभराचा सगळा मांजा तिने एका दमात सुतवला होता, त्यात काच कुटून घातली होती आणि काचेत स्वतःचे दात. तो दोरा हजिऱ्याच्या भट्टीवरून भिरभिरत आला आणि लोहबाच्या मानेभोवती पडला. शेवटी नूतनने लिहिलं होतं, "आता खेच बसते आहे." तिथेच ती थांबली होती. जखमेचा एक शब्द नाही.

गट खडबडून जागा झाला. ताई, चुकवा. लोखंड आहे तो, मांज्याने कापेल का कधी! ताई, वितळून जाऊ द्या, मग परत उभा करा. सगळ्यांनी वाटा दाखवल्या आणि सगळ्या वाटा खऱ्या होत्या. धनश्रीला त्यांच्याहून आणखी चार माहीत होत्या. पिठाचे हात पुसून ती पायरीवर बसली. लोहबा तिचा होता, एकदाही न पडलेला.  खोट्या म्हातारीसाठी एवढा तोरा, असं आपण म्हटलं होतं, हे तिला आठवलं आणि ती तिथेच लाजून लाल झाली.

मग तिने लिहिलं. घाई न करता लिहिलं. लोहबाच्या मानेवर एक सांधा होता, जो भट्टीवाल्यांनी नीट जोडलाच नव्हता. तो त्याने आजवर कुणाला दाखवला नव्हता, गळपट्टा बांधून फिरत असे. दोऱ्याने नेमका तो शोधला. लोहबा आधी एका गुडघ्यावर आला. त्याने मांजाबाईकडे पाहिलं आणि त्याला कळलं की हा वार आपल्याला लागायलाच हवा होता. "आणि लोहबा पडला," तिने लिहिलं. "त्याला कुणी पाडलं नाही. तो पडला. त्याला फार लागलं."

धुडकू मागे उभे होते. त्यांनी पंजा उताणा करून विचारलं. धनश्रीने तळहात पालथा केला, लूमवर धागा तुटला की करतात तसा. पडला. धुडकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जळणारी पोळी उतरवायला आत गेले.

 दहा मिनिटांनी नूतनची ओळ आली.

"मांजाबाई चाचपडत त्याच्यापर्यंत आली. तिने दोरा सोडवला आणि त्याचं एक टोक त्याच्या हाताशी ठेवलं. धरून उठायचं की नाही, ते त्याने लिहावं."

धनश्रीने ते दोनदा वाचलं. अक्षरं दिसेनाशी झाली म्हणून तिसऱ्यांदा वाचता आलं नाही. ती तशीच उठली, एक चप्पल स्वतःची आणि एक आईची घालून तीन गल्ल्या पार करून नूतनच्या दारात धापा टाकत उभी राहिली.

"धरलं," ती म्हणाली. "आणि माझं चुकलं. ते त्या दिवशीच सांगायचं होतं."

नूतनने तिच्या चपलांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. तिचेही डोळे सुजलेले होते. "इथे काय सांगतेस, वेडे? तिकडे एवढे लोक श्वास रोखून बसलेत. तिकडे लिही."

मग तिने स्टोनचा डबा बाजूला सरकवला, साडीचा पसरलेला पदर गोळा करून बसायला जागा केली आणि शाळेतल्या गुजरातीत म्हणाली, "बेस."