खंदकातले भोपळे

कुंदा लग्न होऊन नागपूरहून जबलपूरला आली ती पासष्टच्या वैशाखात. नवरा श्रीरंग तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर. राहायला कारखान्याच्याच वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेलेल्या, त्यामुळे घरात मोठं माणूस म्हणजे सासरे, भाऊराव. त्यांनी त्याच कारखान्याचं स्टोअर तीस वर्षं सांभाळलं होतं. तिथे लोखंडाचा कीससुद्धा झाडून गोळा होऊन पुन्हा भट्टीत जायचा. निवृत्त झाल्यावर भाऊरावांना सांभाळायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घरचा कचरा हाती घेतला.

रोज सकाळी आंघोळ झाली की ते मागच्या दारी जात, कचऱ्याच्या डब्याचं झाकण काढत आणि काठीनं आत ढवळून पाहत.

"सूनबाई, दोडक्याच्या शिरा काहून फेकल्या? चटणी होते याची."

दुसऱ्या दिवशी लिंबाची सालं. "यानं पितळेची भांडी घासायची असतात. अन् हा पुडीचा दोरा? गुंडाळून ठेवता येत नव्हता?"

पहिल्या आठवड्यात कुंदा रडली. दुसऱ्या आठवड्यात तिला राग आला. तिनं श्रीरंगला सांगितलं, तर तो हसायलाच लागला. "अगं, ते आईच्याही डब्यात पाहायचे. तिनं कधी मनावर घेतलं नाही."

"मी घेऊन राहिली ना पण!" कुंदा म्हणाली.

सप्टेंबरात लढाई सुरू झाली. कारखान्याचे भोंगे दिवसातून कितीदा वाजायचे, त्याची गणतीच राहिली नाही. श्रीरंग जेवायला आणि झोपायला तेवढा घरी येई. खिडक्यांना काळे कागद लागले, आणि विमानं आली तर लपायला म्हणून क्वार्टरांच्या प्रत्येक लाइनीसमोर लांबलचक खंदक खणला गेला. कचरा उचलणारी गाडी वाळूची पोती वाहायला गेली, ती परत आलीच नाही. सगळ्यांचे डबे ओसंडून वाहू लागले. माशा घोंगावायला लागल्या.

कुंदानं मनाशी ठरवलं, आता मामंजींना डब्यात शोधूनही काही सापडू द्यायचं नाही.

ती हट्टाला पेटली. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी झाली. दुधीच्या सालींचीही झाली. उरलेल्या पोळ्यांचा फोडणीचा कुस्करा झाला. भाताची पेज श्रीरंगच्या कपड्यांच्या खळीला गेली, सिगडीची राख भांड्यांना. कोळशाची भुकटी शेणात कालवून तिनं गोळे थापले आणि अंगणात वाळत घातले. फाटक्या धोतराची हातपुसणी शिवली. चहाचा चोथा गुलाबाला. उरलेली सालं दारावर येणाऱ्या गाईला. सुरुवातीला हे सगळं तिनं दात-ओठ खाऊन केलं. मग हळूहळू तिला त्यात मजाच येऊ लागली. केळ्याच्या सालीची भाजी जमली त्या दिवशी तर ती एकटीच स्वयंपाकघरात हसली.

एका सकाळी भाऊरावांनी झाकण उचललं, तर डबा रिकामा. घासून पुसून पालथा घातल्यासारखा स्वच्छ.

त्यांनी काठी फिरवून पाहिली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. खरं तर त्यांनी खूश व्हायला हवं होतं, पण त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. एवढा कचरा जातो कुठे?

चौथ्या दिवशी कुंदा नळावरून पाण्याची बादली घेऊन येत होती. पाहते तर भाऊराव शेजारच्या तिवारींच्या दारात वाकून त्यांचा डबा काठीनं उपसून राहिलेले! तेवढ्यात तिवारी भाभी बाहेर आल्या.

"बाबूजी, कुछ खो गया क्या?"

भाऊराव ताठ झाले. काठीच्या टोकाला कांद्याचं साल लटकत होतं. नळावरच्या सगळ्या बायका माना वळवून पाहू लागल्या. एकजण तोंडाला पदर लावून हसलीसुद्धा.

कुंदाला सगळं क्षणात समजलं. आपण आपला कचरा शेजाऱ्यांच्या डब्यात टाकतो, असा यांना संशय! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण मग तिनं भाऊरावांचा चेहरा पाहिला. तीस वर्षं ज्यांच्या सहीशिवाय कारखान्यातला खिळा हलला नव्हता, ते पकडलेल्या चोरासारखे उभे होते.

तिनं बादली खाली ठेवली. "भाभीजी, मैंने ही भेजा है बाबूजी को," ती मोठ्यानं म्हणाली. "गाड़ी तो आती नहीं. सबके छिलके-पत्ते इकट्ठे करके खाद बनाएँगे. बाबूजी देख रहे हैं, किसके यहाँ क्या निकलता है."

"अच्छा!" भाभी म्हणाल्या. "तो बनाएँगे कहाँ?"

कुंदानं भाऊरावांकडे पाहिलं. भाऊरावांनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं आणि काठीनं समोरचा खंदक दाखवला. लढाई थांबून आठवडा झाला होता. खंदकात नुसते बेडूक ओरडत होते.

"वहाँ," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला नाही. काठी कोपऱ्यात ठेवत म्हणाले, "मला वाटलं, तू तिकडे टाकून राहिली."

"समजलं मला."

"मग मला वाचवलं काहून?"

"घरातलं काही वाया जाऊ द्यायचं नाही म्हणता ना तुम्ही?" कुंदा म्हणाली. "मग तुमची अब्रू कशी जाऊ देऊ?"

भाऊराव एकदम हसले. लग्न झाल्यापासून कुंदानं त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पुढचे दोन दात नव्हते, हेही तिला तेव्हाच कळलं.

बोलल्याप्रमाणे करणं भागच होतं. रोज सकाळी लाइनीतल्या बायका सालं, देठ, पत्रावळी घेऊन खंदकाशी येत. भाऊराव त्यावर मातीचा थर टाकत आणि काच किंवा पत्रा दिसला की गरजत. कुंदा बायकांना चटण्या सांगे. तिवारी भाभींनी कुंदाला भाजीच्या देठांचे भजे शिकवले.

होळीनंतर, खंदक भरत आला तेव्हा, त्यातून आपोआपच लाल भोपळ्याचे वेल फुटले. कोणी लावले नव्हते. वैशाखापर्यंत ते वेल खंदकाच्या दोन्ही काठांवर पसरले आणि घराघरांत भोपळ्याची भाजी शिजली. घारगे तर इतके झाले की श्रीरंग डबा भरून कारखान्यात घेऊन गेला.

एक दिवस पलीकडच्या लाइनीतले दोन गृहस्थ आले. भाऊरावांना नमस्कार करून म्हणाले, "बाबूजी, हमें भी सिखाइए. कैसे किया आपने?"

भाऊराव ओट्यावरून उठले आणि घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "सूनबाई, जरा बाहेर ये!" मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "मुझसे क्या पूछते हो? जो पूछना है, हमारी बहू से पूछो."

कुंदा हात पुसत बाहेर आली.