मोहिनीचा आडोसा

आमच्या शिंगणापुरात घराला दार नसतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. दर्शनाला येणारी माणसं आमच्या रिकाम्या चौकटींसमोर उभं राहून फोटो काढतात. घरावर शनिदेवाचा पहारा, म्हणून कडी नाही, कुलूप नाही. चोरीची भीती मला कधीच वाटली नाही. मला भीती वाटायची ती पाहुण्यांची, कारण नगरहून लग्न होऊन आल्यापासून मी साडी नेसायचे ती एका हातात निऱ्या आणि दुसऱ्या हातात खोलीचा पडदा धरून.

खोलीला निदान एक फळी लावा, असं मी नऊ वर्षं नवऱ्याला सांगत होते. आमचे हनुमंतराव देवळाच्या रस्त्यावर तेल आणि रुईच्या माळा विकतात. त्यांचं उत्तर ठरलेलं, "गावाची रीत हाय, सुकन्या. मी एकटा कशी मोडू?"

मग ह्यांनी पुण्याहून मोहिनी आणली.

मोहिनी म्हणजे पाल. पण आमच्या घरात पाल म्हणायचं नाही, गेको म्हणायचं. लांबच्या कुठल्या तरी वाळवंटात, खडकांच्या कपारीत राहणारी ही दुर्मिळ जात. मोठे डोळे, अंगावर ठिपके, बोटांची टोकं पंख्यासारखी पसरलेली. आमच्या ट्यूबलाईटमागे तिच्या चुलतबहिणी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राहतात, त्यांना मात्र आजवर कुणी नाव ठेवलं नाही.

तिच्यासाठी काचेची पेटी आली. पेटीच्या एका अंगाला ऊब देणारा दिवा, दुसरं अंग गार. मधे शहाबादी फरशीचे तुकडे एकावर एक रचलेले. प्रत्येक तुकडा ह्यांनी हलवून पाहिला, कारण एखादा घसरला तर ती खाली चेंगरायची. लग्नात मिळालेल्या कपाटाचा पाय मोडून नऊ वर्षं झाली, ते अजून विटेवर आहे. लाईट गेली की इन्व्हर्टरवर आधी तिचा दिवा, मग आमचा पंखा. बादलीत रातकिडे पाळले होते, आणि तिला देण्याआधी ते कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचे. माझ्या सासूबाई गोजरबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्यांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी कॅल्शियमच्याच गोळ्या लिहून दिल्यात. त्या आणायचं ह्यांच्या लक्षात राहत नाही. आत्या त्या पांढऱ्या रातकिड्यांकडे बघत गुडघे चोळत बसायच्या.

बघायला येणाऱ्यांना हे दबक्या आवाजात सांगायचे, "तिला आडोसा लागतो. कुनी सारखं डोकावलं तर ती अन्न सोडती." मी तेव्हा पडद्यामागे निऱ्या धरून उभी असायचे. माझं अन्न कधी सुटलं नाही, हीच माझी चूक झाली असावी.

हरकत घेतली ती रंगनाथ आबांनी. आमच्या गल्लीत काय चालतं आणि काय चालत नाही, हे आबा ठरवतात. पेटीला पुढून सरकती काच होती. आबांनी ती एकदा सरकवली, पुन्हा सरकवली आणि म्हणाले, "हनुमंता, हे दार हाय."

"आबा, ही नुसती पेटी हाय."

"आत जीव ऱ्हातोय ना? मंग ते घर झालं. घराला दार न्हाई."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. पण गावात दुकान चालवायचं तर आबांचा शब्द मोडता येत नाही. त्यांनी काच काढली आणि तिच्या जागी माझ्या ब्लाऊजपीसचा पडदा लावला. चांगल्या चुण्या घालून, स्प्रिंगवर. आबांनी मान डोलावली. गावाच्या रीतीत बसलेली ती जगातली पहिली पाल असेल.

मोहिनीनं त्या पडद्याचा काडीचाही मान ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून खोलीत साडी नेसत होते. एवढ्यात पडदा बाजूला झाला आणि हे आत आले. मागून आबा, त्यांच्या मागून निम्मी गल्ली. मी निऱ्या तशाच छातीशी धरून भिंतीला टेकले. माझ्याकडे कुणीही पाहिलं नाही, हे खरं सांगते. सगळे माझ्या डोक्यावरची भिंत न्याहाळत होते. मी ओरडले, तर हे म्हणाले, "हळू बोल, ती बिथरंल."

मी निऱ्या कशाबशा खोचल्या.

मोहिनी कपाटाच्या विटेमागच्या फटीत सापडली. तिला पेटीत ठेवून ओसरीवर बैठक बसली. ह्यांचे डोळे भरून आले होते. आबांनाही गलबललं असावं. ते म्हणाले, "तिचंबी चुकलं न्हाई. ती भायेरची हाय, तिला आडोशाची सवं. आपली रीत तिला कशी लागू व्हईल? काच बसव."

मी चौकटीत उभी राहिले. "आबा, मीही बाहेरचीच आहे. मलाही आडोशाची सवय होती."

"तू घरची लक्ष्मी हायेस, पोरी."

"लक्ष्मीला लुगडं बदलायला जागा लागते, आबा."

आबा चपला शोधू लागले. माणसाच्या नावानं ह्या गल्लीत काही मिळायचं नाही, हे मला तेव्हा नीट कळलं. मग मी ह्यांच्याकडे वळले. "ओसरीवर वारं लागतं तिला. पेटी आपल्या खोलीत ठेवू. पण तिथंही येता-जाता लोक डोकावणार. ती अन्न सोडेल."

हे दारासाठी सुताराकडे धावतच गेले. आबांनी जाता जाता निवाडा दिला, "गेकोसाठी असंल तर बसवा. पन कडी न्हाई. तिला कडी लागत न्हाई."

नऊ वर्षं मी जे मागत होते, ते एका पालीनं एका बैठकीत मिळवलं.

प्लायवूडचं दार बसलं त्या दुपारी मी ते ओढून घेतलं आणि कॉटवर बसले. मला रडू आलं. बराच वेळ रडले, आणि कुणी पाहिलं नाही. मोहिनी फरशीखाली डोळे मिटल्यासारखी पडून होती.

थोड्या वेळानं दारावर बोटं वाजली. "सुकन्या, यिऊ का गं आत?"

त्या घरात हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी दार उघडलं. आत्या आत आल्या, माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "वढ ते."

मी दार ओढलं. आत्यांनी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला, मग खांद्यावरूनही सोडला, आणि अंबाडा सोडून डोक्यात बोटं फिरवत राहिल्या. त्यांचे केस इतके विरळ झालेत, हे मला त्या दिवशी कळलं.

बाहेरून ह्यांचा आवाज आला, "आई, मोहिनी खातीय का?"

"खातीय," आत्या म्हणाल्या. "तू डोकावू नगं. अन्न सोडंल ती."