धर आणि धक्का

गुरुवारी दुपारी क्लेम हार्टली आपल्या मेव्हण्याशी बोलला. पूर्ण वाक्य बोलला, कर्ता-क्रियापदासकट, आणि ते ऐकून म्हाताऱ्या आयव्हीच्या हातातलं व्हिनेगरमधलं अंडं खाली पडलं. ते तिच्या कुत्र्यानं खाल्लं, म्हणजे पुरावाही गेला.

आता हे विसरायचं. असं काही घडलेलंच नाही. ‘वीव्हर्स आर्म्स’मध्ये सगळ्यांनी मिळून तसं ठरवलं आहे, आणि दुसऱ्याच्या पबमध्ये बसून आपण वाद घालणं बरं नव्हे.

क्लेमचा मेव्हणा म्हणजे नॉरिस एंटविसल. नगरपालिकेच्या तरणतलावावर त्यानं उभी हयात शिट्टी फुंकण्यात काढली. ओल्या फरशीवरून पळणाऱ्यांना “पळू नका” सांगायचं, हे त्याचं जीवितकार्य. लोक पळत. तो पुन्हा सांगे. निवृत्त झाला तेव्हा तलावानं त्याला शिट्टी भेट दिली आणि पुढल्या वर्षी तलावच बंद केला. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी तो वीव्हर्समध्ये येई, अर्धा ग्लास बिटर बिअर घेई, आणि कोपऱ्यातल्या, फळांच्या चित्रांवर जुगार लावायच्या मशीनसमोर उभा राही. नाणं टाकलं की चाकं फिरत आणि थांबत. एखादं चांगलं फळ आलं तर ते जागच्या जागी राखायला ‘धर’चं बटण. फळ एका घरानं हुकलं, तर त्याला खाली सरकवायला ‘धक्का’चं बटण. बाकी दिवे आणि आवाज.

नॉरिस उभा राहिला की क्लेम मागं येऊन उभा राही.

“धर,” क्लेम म्हणे.

नॉरिस धरी.

“धक्का.”

नॉरिस धक्का देई.

एवढंच. त्यापलीकडे कित्येक वर्षं दोघांत अक्षर नव्हतं. रस्त्यात समोर आले तर क्लेम खाटकाच्या काचेत लटकलेले सॉसेज बघू लागे. एकदा तर दुकान बंद होतं, तरी तो शटरकडे बघत राहिला.

कारण असं झालं, की नॉरिसची बहीण हिल्डा ही क्लेमची बायको. ती गेली, आणि मातीनंतरचा चहा वीव्हर्समध्ये ठेवला होता. हॅम सँडविच, पोर्क-पाई, सगळं रीतसर. नॉरिसनं मोठ्या मनानं सगळ्यांसाठी बिअरची एक फेरी मागवली. मॅक्सीननं, म्हणजे मालकिणीनं, सुट्टे पैसे हातावर ठेवले. आणि आमच्या गावात सुट्टे हातावर पडले की हात आपोआप मशीनकडे जातो. त्यात विचार नसतो. नाक खाजवायला कोण विचार करतं? नॉरिसनं जाता जाता नाणं टाकलं, बटण दाबलं आणि सँडविचकडे वळला.

क्लेम तेव्हा उभा राहून दोन शब्द बोलत होता. “आमच्या हिल्डाला,” तो म्हणाला, “गाजावाजा म्हणून कधी आवडला नाही...”

मशीननं तुतारी फुंकली.

चाकांवर तीन घंटा एका ओळीत लागल्या होत्या. मोठं बक्षीस. त्या काळी मशीन बक्षीस एकदम देत नसे. एकेक नाणं खाली टाकी, ठण, मग ठण, आणि मधेमधे बँड वाजवी. ते थांबवायची सोय नव्हती. काळ्या कपड्यांतली सगळी माणसं हातात बशा धरून उभी. मागून कोणीतरी सवयीनं ओरडलं, “भले रे नॉरिस!” आणि पाद्रीबाबांनी, तेही सवयीनं, टाळी वाजवली. मग आपल्या हातांकडे असं बघितलं की जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

मशीन थांबेपर्यंत सगळे थांबले. क्लेमनं वाक्य पुरं केलं नाही.

त्यानंतर तो नॉरिसशी बोलला नाही. पण थोड्या दिवसांनी नॉरिस मशीनवर असताना मागून आवाज आला, “धर.” नॉरिस दचकला. वळला नाही. धरलं. तेव्हा मॅक्सीननं बारमागून निवाडा दिला, “मशीनवरचं बोलणं बोलण्यात धरायचं नाही.” दोघांचीही अब्रू राहिली आणि अबोलाही. तोच नियम झाला.

पूर्वी त्या मशीनपाशी रांग असे. ज्याच्या हातावर सुट्टे पडले तो एक डाव खेळे, आणि त्याच्यामागं अर्धा पब त्याला अक्कल शिकवी. कंपनी जुनं मशीन नेऊन नवं ठेवी. प्रत्येक नवं मशीन आधीच्यापेक्षा जास्त शहाणं. चेरी आणि लिंबं गेली, इजिप्तचे राजे आले, एका डावात आणखी तीन डाव निघू लागले. “हे खेळायचं म्हणजे विमान चालवायचं,” असं म्हणून आयव्हीनं सोडलं. मग सगळे कार्ड टेकवू लागले आणि सुट्टे पैसेच संपले. तरुण मंडळी ग्लासासमोर बसून फोनवर तीच चाकं फिरवत, आवाज बंद करून, प्रत्येक जण आपापली. परवा एकानं मशीनपाशी जाऊन विचारलं, “इथं फोन चार्ज होतो का?”

आणि त्या गुरुवारी नॉरिस आत आला तर मशीन काळं पडलेलं. प्लग जमिनीवर. शेजारी ढकलगाडी घेऊन कंपनीचा माणूस उभा, मानेवर मगर गोंदलेला, बाकी सज्जन.

नॉरिस खिशातलं नाणं हातात धरून उभाच राहिला.

“बस खाली, राजा,” मॅक्सीन म्हणाली. “तुला सांगणारच होते.”

“कुठं नेताय?”

“गोदामात,” मगरवाला म्हणाला.

“मग?”

“मग काय, तोडायचं. सुटे भाग काढून घेतो आम्ही. बटणं चांगली असतात.”

“अगं मॅक्सीन, पण का?”

“का काय का? तू सोडून त्यात कोणी नाणं टाकत नाही. आणि क्लेम तर टाकतसुद्धा नाही, नुसता मागून हुकूम सोडतो. विजेचं बिल काय हुकमावर भरू?”

“तिथं काय येणार?” आयव्हीनं टेबलावरून विचारलं.

“कुत्र्यांच्या आइस्क्रीमचा फ्रीज.”

आयव्हीनं आपल्या कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्यानं, सगळ्यांत आधी स्वतःला सावरून, शेपूट हलवली.

“एक डाव,” नॉरिस म्हणाला. “क्लेम येईलच आता. एकच डाव लावून दे.”

“काका, आतली पेटी काढलीये. लावलं तरी चालायचं नाही ते.”

“मग मी नुसता उभा राहतो.”

“राहा ना बाबा,” मगरवाला म्हणाला. “मी चहा घेतो तोवर.”

नॉरिस उभा राहिला. इजिप्तचे राजे अंधारात वाकडेतिकडे थांबले होते, एक अर्धा वर, एक अर्धा खाली. दार वाजलं. ओळखीची पावलं आली आणि मागं थांबली. क्लेमनं काळं मशीन पाहिलं, प्लग पाहिला, गाडी पाहिली. क्लेम ‘धर’ म्हणाला, तर आपण मेलेलं बटण दाबू, असं नॉरिसनं मनाशी ठरवलं.

क्लेम म्हणाला, “हिल्डा हसली असती रे त्या दिवशी. पोट धरधरून हसली असती.”

अंडं पडलं ते इथं.

नॉरिसला इतक्या वर्षांत सुचलेली सगळी उत्तरं एकदम घशाशी आली. मला माफ कर. मला पण तेच वाटत होतं. चल बसू, मी पाजतो. सगळी एकाच दारातून बाहेर पडायला बघत होती, आणि गर्दीतून जे सगळ्यांत रुळलेलं होतं तेच बाहेर निसटलं.

“धक्का,” नॉरिस म्हणाला.

खरं तर ते खोटंही नव्हतं. तोच बसला होता त्याला. पण त्या कोपऱ्यात त्या शब्दाचा अर्थ एकच होता: हे नको, पुढचं आण. क्लेमनं ऐकलं. मान हलवली. टोपी घातली.

“देतो देतो, काका, घाई का करताय?” म्हणत मगरवाल्यानं चहा ठेवला, मशीन गाडीवर तिरकं केलं आणि खरोखरच धक्का देत दाराबाहेर नेलं. क्लेमनं त्याच्यासाठी दार धरलं, आणि मशीनच्या मागोमाग तोही गेला.

“तो बोलला!” नॉरिस ओरडला. “सगळ्यांनी ऐकलं ना? बोलला तो!”

“मशीनवर बोलला,” मॅक्सीन फडक्यानं बार पुसत म्हणाली. “मशीनवरचं धरायचं नाही. माझाच नियम आहे.”

“प्लग काढला होता!”

“मशीन होतं ना पण जागेवर?”

“पेटी नव्हती आत!”

“पाद्री मेला म्हणून चर्च हलत नाही, नॉरिस.”

“मॅक्सीन, नसेल धरायचं तर मग मी जे बोललो तेही धरू नका!”

“नाहीच धरलं. काही झालंच नाही. दोघंही सुटलात.” तिनं त्याच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “त्याला पुन्हा तोंड दाखवायची सोय राहावी म्हणून म्हणते मी, गाढवा.”

म्हणून काही झालं नाही.

पुढल्या गुरुवारी क्लेम आला. सवयीनं कोपऱ्यात गेला. तिथं पांढरा फ्रीज घुं-घुं करत होता आणि त्यावर जीभ काढलेल्या कुत्र्याचं चित्र होतं. नॉरिस त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोघांनी फ्रीजकडे बघितलं. फ्रीजला धरण्यासारखं काही नव्हतं आणि धक्का देण्यासारखंही नाही. नॉरिसनं घसा साफ केला. आयव्हीनं अंडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“कोंबडीच्या चवीचं पण असतं म्हणे,” नॉरिस म्हणाला.

क्लेमनं ग्लास संपवला, बारवर नीट ठेवला आणि घरी गेला.

नॉरिसनं मशीनवाल्या कंपनीला फोन लावला. बाईचा ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला की कार्यालय आता ग्राहकांचे निरोप ऐकत नाही, तरी निरोप ठेवायचा असल्यास घंटेनंतर ठेवावा. घंटा झाली. नॉरिस ताठ उभा राहिला, तलावावर साहेब आल्यावर राहायचा तसा.

“मी, नॉरिस एंटविसल, सेवानिवृत्त जलसुरक्षा कर्मचारी, आपणांस नम्र विनंती करतो की, वीव्हर्स आर्म्स येथून नेलेले मशीन परत आणून पूर्वीच्या जागी ठेवण्यात यावे. सदर मशीन बंद असले तरी चालेल. त्यासमोर एक पक्ष पुढे व एक पक्ष मागे, अशा रीतीने दोन पक्षांना उभे राहू द्यावे, आणि पुढील पक्षाने दिलेले उत्तर चुकीचे असल्याने ते रद्द समजून त्यास दुसरे उत्तर देण्यासाठी एक वेळ मंजूर करावी. तसे झाल्यास मी आपला आभारी राहीन.”