चौथी कड

टेबलाची चौथी कड शेवटपर्यंत गोल झालीच नाही.

हे वाक्य चुकून आधी आलं. ते आलंच नाही असं धरून चालू. अजून चारही कडा व्हायच्या आहेत, मालनबाई घरी कॉटवर जिवंत आहे आणि तिचा नवरा पुंजाराम सातपूरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मोबाइलमध्ये ओरडतो आहे.

“सगुणाबाई, फोन तिच्या कानापाशी धरा! धरला का?”

“धरला, भाऊ. पन करायचं काय हाय नेमकं?” शेजारीण तिकडून म्हणाली.

“काय नाय. तिच्याकडं बघत ऱ्हा. हां शेखर, सोड.”

दुकानदार शेखरने बटण दाबलं. लाकडाच्या कडा गोल करायचा, दोन्ही हातांनी धरायचा तो मोठा राउटर असा किंचाळला, की फळीवरचे खिळ्यांचे डबे थरथरले. फोनमधून आधी भांडं आपटल्याचा आवाज आला, मग सगुणाबाईचा.

“फुलपात्र फेकलं तिनं. मला लागलं!”

“हा नको,” पुंजाराम शेखरला म्हणाला.

शेखरने आजवर वॅट सांगून राउटर विकले होते, वॉरंटी सांगून विकले होते. फोनवरून बायकोला मशीन ऐकवणारं गिऱ्हाईक त्याला प्रथमच भेटत होतं.

“काका, काकू सुतारकाम करतात का?”

“नाय रे. तिला अर्धांग झालाय.”

 शेखरने मशीन फडक्याने पुसलं. ते स्वच्छच होतं.

मालनबाईची उजवी बाजू दिवाळीनंतर गेली. वाचाही गेली. साऱ्या मराठीतून तिच्याकडे एकच शब्द उरला : ‘मुडद्या’. लग्नापासून नवऱ्याला ‘अहो’ म्हणत आलेली बाई आता चहा हवा असला तरी मुडद्या म्हणायची आणि नको असला तरी मुडद्या. एकदा डॉक्टरांनाही म्हणाली. डॉक्टर म्हणाले, उच्चार चांगला आहे.

भरवून घ्यायला मात्र ती तयार नव्हती. घास पुढे आला की दात आवळायची. खाईन तर माझ्या डाव्या हाताने, नाहीतर नाही. आणि ‘नाहीतर नाही’ हल्ली वारंवार होऊ लागलं होतं. हातपाय काड्यांसारखे झाले होते. म्हणून पुंजारामने कॉटवर बसेल असं बुटकं टेबल केलं, पोटाच्या बाजूला अर्धचंद्र कापून. पण त्याचा सगळा जन्म कारखान्यात मशिनं भरायची खोकी ठोकण्यात गेला होता. खोक्याची कड कुणी गोल करत नसतं. खोकं पोचलं की लोक ते फोडतात, तीच त्याची पोचपावती. टेबलही खोक्यासारखंच झालं. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी मालनबाईची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. कडेला मनगट टेकलं की लगेच निळं-जांभळं. पुंजारामने कानस मारली, पॉलिश पेपर घासला. पाइनच्या लाकडाची कुसळं काही जाईनात, आणि कुसळ टोचलं की ताट जमिनीवर.

दुसरी पंचाईत आवाजाची. आजारापासून मशीनचा आवाज तिला सोसत नव्हता. कुकरच्या शिट्टीला दचकून ती एकदा कॉटवरून पडली. तेव्हापासून घरात डाळ पातेल्यात शिजायची आणि पुंजाराम ती कच्चीच खायचा.

शेखरने दुसरं मशीन काढलं. त्याच कामाचा, एका हातात मावणारा ट्रिमर, दुकानातला सर्वांत स्वस्त. तो डासासारखा वाजला, पण म्हशीएवढ्या डासासारखा.

“काय म्हनती?”

“मुडद्या म्हनती. जोरात.”

तिसरा ट्रिमर थोडा महाग होता, पण त्याला स्पीड कमी-जास्त करायची चकती होती. शेखरने ती तळाला नेली.

“आता?”

“आताबी मुडद्याच म्हनती. पन हळू म्हनती.”

“हाच दे,” पुंजाराम म्हणाला.

“पण काका, एवढ्या कमी स्पीडला फिनिशिंग येणार नाही. कुसळं राहतील. कड गुळगुळीत पाहिजे तर फुल स्पीडच लागतो.”

“मग माझ्या कानसीनं काय पाप केलं होतं?”

“लांब कुठंतरी नेऊन करा ना.”

“तिला कुनाजवळ सोडू? सगुणाबाई उद्या चालल्या मनमाडला, लेकीच्या बाळंतपणाला.”

पुंजारामने चकती वर-खाली फिरवली. मग एकदम म्हणाला, “फायरिंग!”

शेखर दचकून मागे सरकला.

पुंजारामचं घर देवळाली कॅम्पाजवळ. मालनबाईचा जन्मही तिथलाच. बाप छावणीत दूध घालायचा. तिकडे तोफांचा सराव सुरू झाला, खिडक्यांच्या काचा वाजू लागल्या, की तिला डुलकी लागायची. आजारातही तेवढं एक शाबूत होतं. सरावाच्या तारखा गावात लावतात, गुरं तिकडे सोडू नयेत म्हणून.

“तोफेपुढं तुझा फुल स्पीड कोन ऐकतंय?” पुंजाराम म्हणाला. “बांध.”

शेखरने कड गोल करायचं बिट, म्हणजे पातं, बसवून दिलं आणि पढवलं, “आधी आखूड बाजू, मग सरळ लांब. अर्धचंद्र सगळ्यांत शेवटी, हात बसल्यावर. घाई केली की लाकूड उडतं.”

तारीख आली. पहिली तोफ वाजली, मालनबाईने डोळे मिटले. दुसरीला तिचं तोंड उघडं पडलं. पुंजारामने अंगणात टेबल शिकंज्यात आवळलं आणि मशीन सुरू केलं. पहिली आखूड बाजू. दुसरी. मग लांब. लाकडाचा भुसा मिशांवर साचला. कडेवरून त्याने बोट फिरवलं. एवढं गुळगुळीत त्याच्या हातून काहीच निघालं नव्हतं. शेखरच्या शिस्तीप्रमाणे अर्धचंद्राला बिट टेकवणार, तोच तोफा थांबल्या.

गावातल्या चिमाजीची म्हैस सरावाच्या रेंजमध्ये शिरली होती. सूचना माणसांना वाचता येते. भारताचा तोफखाना त्या म्हशीसाठी दिवसभर गप्प बसला.

पुंजारामने मशीन झटकन बंद केलं. आतून हाक आली, “मुडद्या?”

तो टेबल घेऊन आत गेला. मालनबाईने डावा हात तीन कडांवरून सावकाश फिरवला. मग चौथीवर ठेवला, आणि त्याच्याकडे पाहिलं.

“मुडद्या,” ती म्हणाली.

“करतो की. तारीख तर लागू दे.”

त्याने त्या कडेला टॉवेल गुंडाळला. त्या दुपारी तिने दुधात कुस्करलेली भाकर स्वतःच्या हाताने खाल्ली. अर्धी सांडली. पुंजारामने सांडलेली पुसली नाही, तिचं खाऊन होईपर्यंत तिकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढची तारीख लागायच्या आत एका पहाटे मालनबाई गेली. कुठेही काही वाजलं नाही.

सगुणाबाई मनमाडहून परतली. टॉवेल गुंडाळलेलं टेबल तिने पाहिलं. “भाऊ, ती कड तेवढी करून टाका की. आता कोन दचकतंय?”

तेही खरंच होतं. पुंजारामने टेबल अंगणात आवळलं, चकती फुल स्पीडला नेली, बटण दाबलं. मशीन किंचाळलं. त्याने दाराकडे पाहिलं. आतून कुणी मुडद्या म्हणालं नाही. त्याने बटण बंद केलं, आणि दारात बसून अर्ज लिहिला :

‘मेहेरबान फायरिंगचे मोठे साहेब यांस,

अर्जदार पुंजाराम विनंती करतो की, अर्जदाराच्या घरी टेबलाची एक कड बाकी आहे. काम थोडक्या वेळाचे आहे. अर्जदाराची पत्नी मशीनच्या आवाजाने दचकते, परंतु तोफा चालू असताना गाढ झोपते. सबब आपल्या सोयीच्या कोणत्याही दिवशी, सदर कड पूर्ण होईपर्यंत तोफा चालू ठेवण्यात याव्यात, तसेच चिमाजी यांस म्हैस बांधून ठेवण्याची समज देण्यात यावी, ही नम्र विनंती.’